माणसं घटली, मग दरडी का वाढल्या?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही डोंबिवलीत राहता, गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. वाडीत पूर्वी ३२ घरं नांदती होती, आता ११ घरांतच चूल पेटते. तरीही गेले तीन पावसाळे वाडीला स्थलांतराची नोटीस येते आहे. लोकसंख्या वाढली की निसर्गावर ताण पडतो आणि आपत्ती येतात असं आपण शाळेत शिकलो. इथे तर माणसं घटली, मग दरडी का वाढल्या, असं तुम्ही विचारलंत. त्याला जोडून दोन व्यवहाराचे प्रश्न आहेत. पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या, काठचं जुनं घर सोडून वर रस्त्यालगत उतार कापून नवं घर बांधावं का? आणि विहीर एप्रिलातच तळ गाठते म्हणून वाडीच्या वरच्या डोंगरावर पाणी जिरवायचे चर खणायचं चाललं आहे, ते बरं का?

मी भूवैज्ञानिक आहे. सव्वीस वर्षं कोकणातच काम करतो आहे. उन्हाळ्यात विहिरीच्या जागा दाखवतो, पावसाळ्यात दरडी कोसळल्या किंवा जमिनीला भेगा गेल्या की पाहणीला जातो. तुमची जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे घराबद्दल जे सांगेन ते तिथला उतार, मातीची जाडी आणि पऱ्याची वाट बघूनच पक्कं करायचं. चरांबद्दल मात्र न बघताही ठाम सांगू शकतो, ते पुढे येईलच.

आधी तुमच्या मूळ शंकेकडे. ती बरोबर आहे आणि आकडेही तेच सांगतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. महाराष्ट्र वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. म्हणजे नुसती डोकी मोजून कोकणातल्या आपत्तीचं उत्तर मिळत नाही. माणसं कुठे वसली आहेत, वरून येणाऱ्या पाण्याची वाट कोण राखतं आणि कोण मोडतं, हे बघावं लागतं.

वाडी तिथेच का वसली, इथून सुरुवात करू. कोकणात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने काढायचे ते जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. सह्याद्री म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. दोन थरांच्या मध्ये बरेचदा तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. वरून झिरपलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं, आडवं वाहू लागतं आणि डोंगराच्या अंगाला झरा होऊन फुटतं. किनाऱ्याकडे, रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, जांभ्यातून पाणी भराभर खाली उतरतं, खालच्या पांढरट चिकणमातीवर थांबतं आणि सड्याच्या कडेला बाहेर येतं. जिथे बारमाही झरा तिथे विहीर, तिथे चार पोफळी आणि तिथेच वाडी. आपल्या पूर्वजांनी जागा निवडली ती पाण्यासाठी.

अडचण अशी की दरडही बहुतेक याच रेषेवर सुटते. उतारावर कातळाच्या वर माती-मुरमाचा थर असतो. रोजच्या पावसात झऱ्यावाटे त्याचा निचरा होत राहतो. पण दोन-तीन दिवस झड लागली आणि त्यावर एका रात्रीत अडीचशे-तीनशे मिलिमीटर कोसळला, की आत येणारं पाणी बाहेर पडणाऱ्यापेक्षा जास्त होतं. थर पाण्याने भरतो, जड होतो, आणि मातीत कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने त्याची कातळावरची पकड सुटते. मग तो थर झाडांसकट, दगडगोट्यांसकट खाली येतो. उन्हाळ्यात मी ज्या खुणांवरून विहिरीची जागा सांगतो, त्यातल्या निम्म्या खुणा मला पावसाळ्यात धोक्याच्या खुणा म्हणून लिहाव्या लागतात. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी त्या रात्री नीट झोपलो नव्हतो.

मग पूर्वी निभावलं कसं? काही ठिकाणी निभावलं नाही, हे आधी मान्य करू. पण जिथे निभावलं तिथे माणसांचे हात होते. चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीत पाहणीला गेलो होतो. घराच्या मागीलदारी, हातभर अंतरावर, डोंगर कापून केलेली भिंत आणि तिच्यातून गढूळ पाणी ठिबकत होतं. घरात एकट्या आजी. त्या मला वर घेऊन गेल्या, सत्तरीच्या पुढे वय, तरी माझ्याआधी चढल्या. घरांच्या वर वीसेक पावलांवर अख्ख्या वाडीला वळसा घालणारा एक जुना चर होता, दगडांनी बांधून काढलेला. वरून येणारं पाणी घरांकडे न येता त्यातून बाजूच्या पऱ्यात जायचं. आता त्यात रानमोडी माजली होती, पालापाचोळा साचला होता आणि मधोमध कुडाचं झाड कंबरेएवढं वाढलं होतं. आजी म्हणाल्या, "मृग लागायच्या आधी सासरे सगळ्यांना घेऊन हा उपसायचे. घरटी एक माणूस. आता उपसायला हाय कोण?" त्या वाडीत मे महिन्यात माणसं होती, पण ती आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेली.

तुमच्या ११ घरांचं कोडं इथे सुटतं. उतारावरची भातखाचरं, त्यांचे गडगे म्हणजे दगड रचून केलेल्या भिंती, बांधाला ठेवलेली पाणी काढायची मोकळी जागा, हे सगळं दरवर्षी हात फिरला तरच टिकतं. एक बांध फुटला आणि कोणी बांधला नाही, तर वरच्या खाचराचं पाणी एकाच जागी धार धरून पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे घळ पडते. पडीक खाचरात पाणी साचून राहतं आणि मुरतं. माणूस मुंबईला गेल्याने डोंगराला विश्रांती मिळाली असं दुरून वाटतं. सपाट रानात ते खरंही असेल. पण जो उतार शे-दीडशे वर्षं माणसाने पायऱ्या पाडून बांधून ठेवला, त्याला एकाएकी वाऱ्यावर सोडलं की तो बिघडतो.

दुसरी गोष्ट यंत्रांची. गावात माणसं कमी झाली, पण जेसीबी तासाच्या भाड्याने मिळू लागला. फावड्याने पंधरा दिवस लागायचे ती कापणी तो एका दुपारी करतो. आडवा रस्ता, घरासाठी सपाटी, बागेसाठी टप्पे, सड्यावर प्लॉटिंग. कापताना उताराचा पायाच काढला जातो आणि निघालेली माती खालच्या बाजूला लोटली जाते. ती सैल माती पहिल्या मोठ्या पावसात पऱ्यात जाते. पऱ्यांचे हाल तर बघवत नाहीत. खेड तालुक्यातल्या एका रस्त्यावर मी मोजलं होतं: डोंगरावरून तीन पऱ्ये येतात, रस्त्याखाली मोरी एकच, तीही अडीच फुटी पाइपांची. बाकी दोन पऱ्ये रस्त्याच्या गटारातून त्या एका मोरीत वळवलेले. ती मोरी पालापाचोळ्याने तुंबली की तिन्ही पऱ्यांचं पाणी रस्त्यावरून खालच्या घरांवर. तिथल्या लोकांनी ते मला हसत सांगितलं, सवयीने. मला हसू आलं नाही. जोडीला झाडतोड आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, झाडोरा बहुतेक खासगी मालकीचा. मालक मुंबईत, सातबारावर वीस नावं, आणि एखाद्या वर्षी ठेकेदार अख्खा उतार साफ करून जातो. मुळं कुजायला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे तोड आणि दरड यांचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तिसरी गोष्ट पावसाची. तो बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. बाष्प पुरवतो तो आपला तापत चाललेला अरबी समुद्र. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या डोंगरावर उगम पावणारी सावित्री महाडात शिरली, वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी २५ आणि २६ जुलै २००५ ला त्याच तालुक्याच्या परिसरात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दीडशेहून अधिक.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर सगळा दोष माणसावर टाकल्यासारखं होईल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. ठाकर समाजाची छोटी वाडी, तिथे गाडीरस्तासुद्धा नव्हता, मदतीची पथकं पायी चढून गेली. २७ मृतदेह सापडले आणि बाकी बेपत्तांचा शोध चार दिवसांनी थांबवावा लागला. तिथे कोणी जेसीबी नेला नव्हता. सह्याद्री झिजतो आहे, दरडी त्याच्या स्वभावातच आहेत. काही उतार माणसाने बोटही न लावता सुटतात. म्हणून मी पाहणीत 'माणसामुळे' की 'निसर्गामुळे' असा रकाना भरत नाही. उतार मुळात कितपत तयार होता, पाणी कुठून किती आत गेलं, आणि वाटेत घर का होतं, हे तीन वेगळे प्रश्न धरतो. पहिल्यावर आपला इलाज नाही. दुसऱ्यावर बराच आहे. तिसऱ्यावर जवळजवळ पूर्ण.

पुराबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दोन वाक्यं, कारण तुमचा भाऊ चिपळुणात दुकान घ्यायच्या विचारात आहे असं लिहिलंत. घाटमाथ्यापासून समुद्र साठ-सत्तर किलोमीटरच्या आत, त्यामुळे पाणी काही तासांत खाली येतं. खाली खाडीला भरती असेल तर ते पुढे सरकत नाही. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा एक-दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. डोंगरावरून धुपलेली माती नदीच्या पात्रात बसते आणि पात्र उथळ होतं. त्यातच वाशिष्ठीला पोफळी-कोळकेवाडीमार्गे कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही येतं. भावाला सांगा, दुकानाचा दर विचारण्याआधी ती जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे की लाल रेषेच्या ते विचार. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आता शंभर वर्षं निर्धास्त, असं मात्र समजू नका. २००५ आणि २०२१ मध्ये सोळाच वर्षांचं अंतर आहे.

आता चर. तुमच्या वाडीच्या वर, तीव्र उतारावर, पाणी जिरवायचे समतल चर खणू देऊ नका. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे मीही शेकडो सभांत सांगितलं आहे, आणि पठारावर, सड्यावर, मंद उतारावर ते सोन्यासारखं काम आहे. पण जिथे मातीचा थर जाड, उतार उभा आणि खाली घरं, तिथे तुम्ही नेमकं ते पाणी आत ढकलत असता जे बाहेर काढायला हवं. चर दोन जातींचे असतात. जिरवायचा चर अगदी पाणसळीत खणतात, म्हणजे पाणी जागच्या जागी उभं राहतं. निचऱ्याच्या चराला किंचित ढाळ देतात, दहा मीटरला दहा-पंधरा सेंटिमीटर, आणि त्याचं तोंड कातळाच्या पऱ्यात सोडतात. त्या आजींनी दाखवलेला चर दुसऱ्या जातीचा होता. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन माणसं अर्ध्या दिवसात ढाळ तपासू शकतात. चराचा तळ आणि खालची बाजू दगडांनी बांधून घ्या, नाहीतर चरच फुटून पऱ्या होईल. सभेत हे मांडताना 'चर नकोत' असं म्हणू नका, 'निचऱ्याचा चर हवा' म्हणा. मंजूर झालेलं काम नको म्हटलं की कोणी ऐकत नाही.

मग विहिरीचं काय? वाडीच्या खालच्या अंगाला पऱ्यावर दिवाळीच्या सुमारास सिमेंटच्या पोत्यांत माती-रेती भरून वनराई बंधारे घाला. झऱ्याच्या तोंडाशी दगडी कुंडी बांधून झाकण लावा, म्हणजे थेंब वाया जाणार नाही. आणि छप्पर विसरू नका. हजार चौरस फुटांच्या कौलांवर आपल्याकडे एका पावसाळ्यात पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. चौघांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ८० लिटर धरले तर एप्रिल आणि मे मिळून पाच हजार लिटर पुरतात. शेवटच्या पावसातलं स्वच्छ पाणी बंद टाकीत भरून ठेवलं तर टँकरची वाट बघावी लागणार नाही.

घराचं अवघड आहे, कारण तुम्ही दिलेल्या दोन्ही जागांबद्दल मला शंका आहे. दरडीचा चिखल पऱ्याच्या वाटेनेच खाली येतो, म्हणून पऱ्याच्या तोंडाशी असलेलं घर आधी सापडतं. जुन्या घराच्या आजूबाजूच्या शेतात माणसाच्या उंचीचे सुटे धोंडे मातीत अर्धे पुरलेले आहेत का बघा. असतील, तर ते कधीतरी वरूनच आले आहेत. रस्त्यालगतच्या जागेत तुम्ही उताराचा पाया कापणार. कापायचंच झालं तर कापलेल्या भिंतीच्या उंचीएवढी तरी जागा घरामागे मोकळी सोडायची, जमलं तर दुप्पट, आणि संरक्षक भिंतीच्या मागे दगडांचा भरावा करून भिंतीला पाणी निघायची भोकं ठेवायची. एका बंगल्यात मी फुगलेली भिंत पाहिली होती. भोकं होती, पण पाणी अंगणात येतं म्हणून मालकांनीच ती सिमेंटने बुजवली होती. पुढच्या आषाढात ती भिंत गेली. घर सुदैवाने बंद होतं. शोषखड्डा आणि पाण्याची टाकीही घराच्या वरच्या अंगाला नको, गळती बारा महिने उतारात जाते.

तुमच्या हद्दीत तिसरी जागा शोधा: दोन पऱ्यांच्या मधली डोंगराची सोंड, जिथे कातळ उघडा दिसतो किंवा दोन फुटांत लागतो. तिथे पाणी नसतं म्हणून पूर्वजांनी ती सोडली असेल. आता पाणी नळीने आणता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश या संकेतस्थळावर बघता येतात, जरूर बघा, पण ते १:५०,००० प्रमाणात आहेत. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. तुमची अख्खी वाडी त्यावर टिंबाएवढी असेल, त्यामुळे नकाशात हिरवा रंग दिसला म्हणून घराची जागा सुरक्षित ठरत नाही.

शेवटी नोटीस. दरवर्षी येते आणि काही होत नाही, म्हणून वडील हलायला तयार नाहीत हे मी समजू शकतो. जुलै म्हणजे लावणीचे दिवस, गोठ्यात गुरं, आणि रात्री शाळेत झोपायला जा म्हणायचं. मी ज्या ज्या वाडीत लोकांना हलताना पाहिलं, तिथे आधी गुरांची सोय झाली होती. तेव्हा खालच्या गावात कोणाच्या तरी गोठ्यात दोन महिन्यांची जागा मेमध्येच ठरवून ठेवा, वडिलांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं जाईल. आणि त्यांना एवढं समजावून सांगा: वरच्या उतारावर किंवा अंगणात चंद्रकोरीसारखी नवी भेग दिसली, नेहमीचा नितळ झरा एकदम गढूळ झाला किंवा भर पावसात पऱ्याचं पाणी अचानक घटलं, दारं चौकटीत अडकू लागली, झाडं कलली, तर नोटिशीची वाट न बघता बाहेर पडायचं. पऱ्याचं पाणी भर पावसात घटणं सगळ्यांत वाईट, वर कुठेतरी दरड पडून बांध झालेला असतो. निघताना पऱ्याच्या काठाने उतरायचं नाही, आडवं सोंडेकडे जायचं. बाहेर पडल्यावर १०७७ वर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवायचं.

गणपतीला जाल तेव्हा नाही, जुलैच्या मध्याला दोन दिवस रजा काढून जा आणि भर पावसात वडिलांना घेऊन घराच्या वर शंभर पावलं चढा. पाणी कुठून निघतं, कुठे साचतं, आणि २००५ व २०२१ ला पऱ्या कुठवर आला होता ते त्यांच्याकडून दाखवून घ्या आणि खांबावर रंगाने खूण करा. जुना चर त्यांना नक्की ठाऊक असेल. सोंडेचे, कापणीच्या जागेचे आणि झऱ्याचे फोटो इथे टाकलेत तर जागेबद्दल मी याहून नेमकं सांगू शकेन.